लडाख-केदारनाथची सहल: तब्येतीला जपणारे नियम डोंगरालाही कसे जपतात?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला सहलीच्या जाहिरातीचा: 'सहा रात्री, सात दिवस. लेह, खार्दुंग ला, नुब्रा, पँगाँग, सगळं कव्हर!' दुसरा सामानाच्या यादीचा: कापराची पुडी, ऑक्सिजनचा कॅन, पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स, बिस्किटांचे पुडे, वेट वाइप्स.

पहिल्या मेसेजमध्ये तब्येतीचा विचार क्वचितच असतो. दुसऱ्यात काळजी असते, पण तिचा बराचसा भाग भलत्याच ठिकाणी खर्च होतो. त्रास दोन्हींमुळे होतो. तो प्रवाशाला होतो आणि तो जिथे जातो त्या गावालाही होतो.

'जबाबदार पर्यटन' म्हटलं की कचरा टाकू नका, प्लास्टिक वापरू नका, एवढंच डोळ्यांसमोर येतं. असे फलक हिमालयात वळणावळणावर आहेत आणि त्यांच्या पायथ्याशीच रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. डॉक्टरांचं मात्र माणूस ऐकतो, कारण तिथे स्वतःच्या जिवाचा प्रश्न असतो. गंमत अशी की उंचीवरच्या प्रवासासाठी डॉक्टर जे सांगतात, ते पाळलं तर पर्यावरणाचं बरंचसं काम आपोआप होतं. कसं, ते समजून घेऊ.

उंचीवर शरीराला नेमकं काय होतं?

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईइतकंच, म्हणजे सुमारे २१ टक्केच असतं. पण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच असतो.

शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वासाचा वेग वाढतो, हृदय जास्त काम करतं, मूत्रपिंडं रक्ताचं रसायन बदलतात. पण या सगळ्याला काही दिवस लागतात. तेवढा वेळ मिळाला नाही तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, भूक मरणं, झोप न लागणं अशी लक्षणं दिसू लागतात. यालाच उंचीचा आजार म्हणतात. साधारण २,५०० मीटरच्या वर तो कुणालाही होऊ शकतो.

बहुतेकांना विश्रांतीनंतर एक-दोन दिवसांत बरं वाटतं. मात्र लक्षणं असतानाच आणखी वर चढत राहिलं, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत सूज येऊ शकते. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, फेसाळ थुंकी ही फुप्फुसांच्या त्रासाची लक्षणं आहेत. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, गोंधळणं ही मेंदूच्या त्रासाची. दोन्हींमध्ये काही तासांत जीव जाऊ शकतो आणि दोन्हींवर पहिला उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणं.

इथे मराठी ट्रेकर्सचा एक हमखास गैरसमज होतो. 'दर रविवारी सिंहगड चढतो, कळसूबाई तीनदा केलंय, मला काय होणार?' कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. सह्याद्रीत दम वाढतो, पाय तयार होतात, पण उंचीची सवय होत नाही, कारण तेवढी उंचीच इथे नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि त्यामुळेच अडचणीत येऊ शकतो.

डॉक्टर काय सांगतात आणि सहलीचा कार्यक्रम काय सांगतो?

उंचीच्या आजाराबद्दलचे वैद्यकीय नियम फारसे गुंतागुंतीचे नाहीत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. लक्षणं असतील तर वर जाऊ नये. महत्त्वाची असते ती झोपण्याची उंची. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली येणं शरीर त्यामानाने सहन करतं.

विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी किमान ४८ तास विश्रांती घ्यावी, असं लडाखचं प्रशासन सांगतं. तरीही अनेक कार्यक्रमांत दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी सुमारे ५,३५० मीटरच्या खार्दुंग लाच्या दिशेने निघते. 'दोन दिवस नुसतं हॉटेलात बसून काय करायचं, पैसे भरलेत ना,' हा त्यामागचा विचार.

ठिकाणांचा क्रमही महत्त्वाचा असतो. नुब्रा खोऱ्यातली गावं लेहपेक्षा थोडी कमी उंचीवर, ३,१०० मीटरच्या आसपास आहेत. पँगाँग तलाव सुमारे ४,२५० मीटरवर आहे. त्यामुळे लेहमध्ये थांबून आधी नुब्रा आणि शेवटी पँगाँग हा क्रम शरीराला मानवतो. याच्या उलट, तिसऱ्याच रात्री पँगाँगच्या तंबूत मुक्काम ठेवला तर ती रात्र डोकं धरून काढावी लागू शकते.

'मग रस्त्याने जाऊ, हळूहळू सवय होईल,' हेही सरसकट खरं नाही. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. या रस्त्याने मुक्काम करत गेलं तर शरीर पायरी-पायरीने वर जातं. पण मनाली-लेह रस्त्यावर अनेक जण सरचूला रात्र काढतात. मनाली सुमारे २,००० मीटरवर आणि सरचू जवळपास ४,३०० मीटरवर आहे. एक-दोन दिवसांत झोपण्याची उंची दुपटीहून जास्त वाढते. सिक्कीममध्येही हेच घडतं. पर्यटक लाचेन गावात सुमारे २,७५० मीटरवर रात्र काढतात आणि पहाटे निघून सकाळीच ५,१०० मीटरच्या वर असलेल्या गुरुडोंगमार तलावापाशी पोचतात.

केदारनाथला तर नेहमीच जातात की लोक!

केदारनाथ मंदिर ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेहच्याच उंचीवर. तीर्थयात्रा म्हटलं की हे विसरायला होतं. तिथे जाणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरीचे लोक मोठ्या संख्येने असतात. कुणाला रक्तदाब, कुणाला मधुमेह, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली. गौरीकुंड साधारण २,००० मीटरवर आहे. तिथून सोळा-एक किलोमीटरची चढण एका दिवसात केली जाते.

२०२२ च्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरूंचा मृत्यू झाला. त्यात हृदयविकाराचा झटका आणि उंचीमुळे होणारे त्रास ही मोठी कारणं होती. त्यानंतर उत्तराखंड सरकारने यात्रेकरूंसाठी आरोग्यविषयक सूचना अनेक भारतीय भाषांमध्ये काढल्या. यात्रेचा कार्यक्रम किमान सात दिवसांचा ठेवा. घरी असतानाच रोज ५ ते १० मिनिटं श्वसनाचे व्यायाम करा आणि २० ते ३० मिनिटं चाला. वय ५५ च्या पुढे असेल किंवा जुना आजार असेल तर निघण्याआधी तपासणी करून घ्या. पायी चढताना दर तासाला आणि गाडीने चढताना दर दोन तासांनी ५ ते १० मिनिटं थांबा.

हे वाचताना साधं वाटतं. पण दोन धाम चार दिवसांत उरकणाऱ्या पॅकेजमध्ये यातली एकही सूचना नीट पाळता येत नाही.

वेळ वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरचा पर्याय निवडला जातो. ते गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसीहून काही मिनिटांत केदारनाथला पोचवतं. चढण्याचे कष्ट वाचतात, पण जुळवून घ्यायला शरीराला अजिबात वेळ मिळत नाही. हंगामात दिवसभर चालणाऱ्या या फेऱ्या कस्तुरीमृगाचं घर असलेल्या केदारनाथ अभयारण्याच्या परिसरातून होतात आणि त्यांच्या आवाजाबद्दल अनेक वर्षं तक्रारी आहेत. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये महाराष्ट्रातले प्रवासीही होते.

या सगळ्याचा पर्यावरणाशी काय संबंध?

२०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या २ लाख ७४ हजार होती. २०२२ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक आले. २०२३ मध्ये चारधामला गेलेल्यांची संख्या ५० लाखांच्या पुढे होती. लडाखमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. शेती आणि घरं वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर चालतात. पारंपरिक लडाखी शौचालयात पाणी लागत नाही, मैल्याचं खत होऊन शेतात जातं. हॉटेलांमध्ये मात्र फ्लश आणि शॉवर आले. त्यांच्यासाठी कूपनलिका आल्या आणि सांडपाण्यासाठी शोषखड्डे आले. हेच सांडपाणी भूजलात मिसळण्याची भीती आता लेहमध्ये आहे.

या पार्श्वभूमीवर डॉक्टरांचा सल्ला पुन्हा वाचून पाहा. पहिले दोन दिवस फिरू नका, म्हणजे दोन दिवस गाडीचा धूर नाही. एकाच ठिकाणी जास्त रात्री काढा, म्हणजे रोज नव्या खोलीत नवी चादर, नवा टॉवेल आणि त्यांची धुलाई नाही. पाच ठिकाणांऐवजी तीनच पाहा, म्हणजे शेकडो किलोमीटरचं डिझेल वाचलं. पँगाँगला लेहहून एका दिवसात जाऊन परत येणं म्हणजे दहा तासांहून जास्त प्रवास. तिथे नीट सवय झाल्यावर, सहलीच्या शेवटी जाणं शरीरालाही बरं आणि रस्त्यालाही.

विमानाचंही तसंच. मुंबई-लेह विमानप्रवासाचा धूर पाच दिवस राहा की दहा दिवस, तेवढाच असतो. तीन वर्षांत तीन धावत्या सहली करण्यापेक्षा एकच निवांत सहल केली, तर दोन विमानफेऱ्या कमी होतात. आणि गावातल्या माणसाच्या हातात पैसे पडतात ते तिथे राहणाऱ्या, जेवणाऱ्या पाहुण्याकडून. फोटो काढून पुढे जाणाऱ्याकडून फारसे पडत नाहीत.

पण 'सीलबंद बाटलीचंच पाणी प्या' हाही आरोग्याचाच सल्ला आहे ना?

हो. आणि इथेच तब्येतीची काळजी आणि पर्यावरण यांची टक्कर होते. बाहेरगावी गेल्यावर पोट बिघडू नये म्हणून मराठी घरांत हा सल्ला पाठ असतो. उंचीवर हवा कोरडी असते, पाणी भरपूर प्यावं लागतं. चार जणांचं कुटुंब, रोज प्रत्येकी तीन लिटर, सात दिवस. एक लिटरच्या ८४ बाटल्या झाल्या. एका कुटुंबाच्या.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये रिकामी बाटली भंगारवाल्याकडे जाते. लडाखमधून ती परत आणायची तर ट्रकला खिंडी ओलांडाव्या लागतात. केदारनाथहून आणायची तर खेचराच्या पाठीवरून खाली आणावी लागते. न आणलेली बाटली दरीत जाते किंवा जाळली जाते आणि त्या धुराचा त्रास गावकऱ्यांनाच होतो. १ जुलै २०२२ पासून देशात काही एकदाच वापराच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, पण पाण्याच्या बाटल्या त्या यादीत नाहीत.

बाटली म्हणजे सुरक्षित, हे समीकरणही आंधळेपणाने धरून चालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याचा समावेश 'जास्त जोखमीच्या' खाद्यपदार्थांत केला. उत्पादकांची दरवर्षी तपासणी व्हावी, हा त्यामागचा हेतू. याचा अर्थ बाटलीतलं पाणी वाईट असतं असा नाही. पण सील पाहिलं की डोळे मिटून प्यावं, असंही नाही.

खरं तर मूळ वैद्यकीय सल्ला 'जंतुविरहित पाणी प्या' एवढाच आहे. त्याचा 'बाटली घ्या' हा अनुवाद आपण सोयीसाठी केला.

मग पाणी सुरक्षित कसं करायचं?

सर्वांत खात्रीचा उपाय आजीच्या काळापासूनचा आहे: उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं उकळावं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, लेहमध्ये साधारण ८८ अंश सेल्सिअसला. म्हणून थोडा जास्त वेळ. पण रोगजंतू मारायला एवढी उष्णता पुरेशी असते, त्यामुळे 'डोंगरात उकळलेल्या पाण्याचा उपयोग नाही' ही समजूत खोटी आहे.

हॉटेल, होमस्टे, ढाबे इथे उकळलेलं पाणी मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. रात्री स्टीलच्या बाटलीत भरलेलं गरम पाणी थंडीत पांघरुणातही उपयोगी पडतं.

ट्रेकवर असाल तर फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या हा पर्याय आहे. दोन्हींच्या मर्यादा माहीत हव्यात. हातात धरण्याजोगे साधे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू त्यातून निसटू शकतात. क्लोरीनची गोळी जिवाणू-विषाणूंना मारते, मात्र तिला साधारण अर्धा तास द्यावा लागतो आणि काही चिवट परजीवी तिला दाद देत नाहीत. म्हणून संशयास्पद पाणी आधी गाळून मग गोळी टाकणं जास्त सुरक्षित.

ऑक्सिजनचा कॅन आणि कापूर: उपयोग किती?

सहलीच्या यादीतली ही दोन लाडकी नावं. बाजारात मिळणाऱ्या छोट्या कॅनमध्ये साधारण सहा ते बारा लिटर ऑक्सिजन असतो. उंचीच्या त्रासात रुग्णाला मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन द्यायचा म्हटलं, तर दहा लिटरचा कॅन पाच मिनिटांत संपतो. तेवढ्याने आजार बरा होत नाही. उलट 'आता बरं वाटतंय, चला पुढे' असा खोटा धीर येण्याचा धोका असतो. मागे उरतो तो धातूचा रिकामा डबा. खरोखर गरज असेल तर मोठं सिलिंडर लागतं, जे रुग्णालयात आणि अनेक हॉटेलांत असतं.

कापराचा वास घेतल्यावर नाकात गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढतो याला आधार नाही. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, त्यामुळे लहान मुलांच्या हाती तो देऊच नये.

पल्स ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण आकडा पाहून घाबरू नये. घरी ९७-९८ दाखवणारं यंत्र लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० दाखवू शकतं. आकड्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष द्यावं. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असेटाझोलामाइड हे औषध दिलं जातं, पण ते प्रत्येकाला चालत नाही. निघण्याआधी तीन-चार आठवडे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावं.

खाणं, पोट आणि शौचालय

'बाहेरचं नको, पॅकबंद खा' हा दुसरा घरगुती सल्ला. त्यातून वेष्टनांचा ढीग होतो. वैद्यकीयदृष्ट्या ताजं शिजवलेलं, वाफाळतं अन्न सुरक्षित असतं. गावात मिळणारा थुक्पा, डाळ-भात, गरम पोळी ही पुड्यातल्या वेफर्सपेक्षा पोटाला नक्कीच बरी. टाळायचे ते कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, उघडी चटणी. जुलाब झालेच तर आधी ओआरएस. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये.

साबणाने हात धुणं हा पोट जपण्याचा स्वस्त उपाय आहे. मात्र साबण ओढ्यात नको. ट्रेकवर हात धुणं आणि शौच, दोन्ही पाण्याच्या प्रवाहापासून किमान ६० मीटर दूर करावं आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा. कारण त्याच ओढ्याचं पाणी खालच्या गावात पिण्यासाठी जातं आणि तुमच्या मागून येणाऱ्या गटाच्या चहातही. वेट वाइप्स, पॅड, डायपर हे जमिनीत पुरायचे नसतात. त्यांच्यासाठी एक घट्ट बंद होणारी पिशवी घरूनच न्यावी आणि ती खाली शहरात आणावी.

नियम करून काही साधलं का?

सिक्कीममधल्या लाचेन गावाने २०१२ मध्येच बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. हा निर्णय 'झुमसा' या गावाच्या पारंपरिक पंचायतीचा होता. पुढे २०१६ मध्ये सिक्कीम सरकारने शासकीय कार्यालयं आणि कार्यक्रमांत बाटलीबंद पाणी बंद केलं, तर २०२२ च्या सुरुवातीपासून राज्यभर बंदी जाहीर केली. लेहमध्ये स्थानिक महिलांच्या पुढाकारातून नव्वदच्या दशकातच प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम उभी राहिली. तिथे उकळलेलं पाणी बाटलीत भरून देणारं दुकानही बऱ्याच वर्षांपासून आहे.

केदारनाथ मार्गावर २०२२ मध्ये वेगळा प्रयोग झाला. प्लास्टिक बाटलीवर क्यूआर कोड लावला जातो, खरेदीच्या वेळी दहा रुपये जास्त घेतले जातात आणि रिकामी बाटली परत केली की ते परत मिळतात. दहा रुपयांसाठी लोक बाटली परत करतात, टाकलेली बाटलीही कुणीतरी उचलतं.

बंदी तिथे टिकते जिथे सुरक्षित पाण्याची सोय आधी होते. तहानलेल्या माणसाला 'बाटली नको' एवढंच सांगून भागत नाही. पाणी कुठे मिळेल आणि ते पिण्याजोगं आहे की नाही, हे त्याला कळलं पाहिजे. म्हणजे पुन्हा प्रश्न आरोग्याच्या माहितीचाच.

दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली तर?

तर तब्येत. यात संकोच नको. कुणाला फुप्फुसाचा त्रास सुरू झाला तर मिळेल त्या वाहनाने, गरज पडली तर हेलिकॉप्टरनेही खाली उतरायचं. सुरक्षित पाण्याचा दुसरा पर्यायच नसेल तर बाटली घ्यायची आणि रिकामी परत आणायची. गर्भवती, लहान मुलं, आजारी माणसं यांच्याबाबतीत तडजोड करायची नाही. पर्यावरणाच्या नावाखाली औषधं कमी न्यायची नाहीत.

पण अशा वेळा कमी येतात. बहुतेक वेळा घाई आणि चुकीची भीती या दोनच गोष्टी शरीर आणि डोंगर दोघांनाही महागात पडतात.

बुकिंग करण्याआधी काय विचाराल?

सगळी जबाबदारी प्रवाशावर टाकून चालणार नाही. सहलीचा कार्यक्रम टूर कंपनी आखते, सामानाची यादी तीच पाठवते. सुट्टी मोजकीच मिळते, पैसे वर्षभर साठवलेले असतात, त्यामुळे 'जास्त ठिकाणं' विकली जातात हेही खरं. पण ग्राहक काय विचारतो त्यावर कार्यक्रम बदलतो. म्हणून पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

- पहिले ४८ तास मुक्काम एकाच ठिकाणी आहे का?
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची किती? यादी लेखी द्याल का?
- कुणाला त्रास झाला तर त्याला घेऊन खाली कोण उतरणार? बाकीचा गट थांबणार की पुढे जाणार?
- रोज उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी भरून घेण्याची सोय कुठे कुठे आहे?
- कचरा परत आणण्याची व्यवस्था काय?

आणि एक प्रश्न घरात विचारायचा आहे. आई-बाबांना केदारनाथला पाठवताना त्यांच्या डॉक्टरांशी कुणी बोललं आहे का? सात दिवसांच्या यात्रेसाठी दोन दिवस जास्त रजा टाकून सोबत जाणं कुणाला जमेल का? ऑक्सिजनचा कॅन बॅगेत ठेवण्यापेक्षा ते दोन दिवस त्यांच्या जास्त उपयोगी पडतील.